गच्चीवर हत्ती चढवला तर छत टिकेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जयविलास महालात ती दोन अवाढव्य झुंबरं टांगायच्या आधी छतावर हत्ती चढवून छत तपासलं होतं, असं ग्वाल्हेरात सगळेच लहानपणापासून ऐकत आलेत. तुमचं जनकगंजात घर आहे. पुढचा भाग आजोबांच्या वेळचा, दगडी पटियांचा, म्हणजे भिंतीवरून भिंतीवर टाकलेल्या लांब दगडी फळ्यांचा. मागचा १९९५च्या सुमाराचा, स्लॅबचा. पुढच्या दिवाणखान्यात झोपाळा टांगायचा आहे. तर आपणही एक हत्ती वर चढवून खात्री करून घ्यावी का, आणि चढवलाच तर काय होईल?

प्रश्न वात्रट आहे, पण त्याच्या पोटात तीन रास्त प्रश्न आहेत: छत किती वजन पेलतं, ते तपासायचं कसं, आणि छतावर ठेवलेलं वजन नि छताला टांगलेलं वजन एकच का. त्यामुळे हत्ती खरोखरच चढवून बघू. कागदावर.

आधी महालाचा हिशोब. महाल जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधून घेतला, स्थापत्यकार मायकेल फिलोज. झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची, साडेबारा मीटर उंच. दोन्ही मिळून ७ टन. हत्ती आठ होते म्हणतात, कुणी दहाही सांगतं. आपण आठ धरू. मध्यम आकाराची आशियाई हत्तीण ३ टनांची धरली तर २४ टन झाले, म्हणजे झुंबरांच्या जवळजवळ साडेतीनपट. आजच्या नियमात छताच्या चाचणीला अपेक्षित चल भाराच्या, म्हणजे माणसं-सामान अशा येणाऱ्या-जाणाऱ्या वजनाच्या, सव्वापट वजन ठेवतात. किस्सा खरा मानला तर दरबारी मंडळींनी अंमळ जास्तच काळजी घेतली म्हणायची.

आता तुमचा हत्ती. पहिली अडचण जिन्याची. घरातला जिना तीन फुटी, डोक्यावर जागा जेमतेम सात फूट. हत्तीण खांद्यापाशी अडीच मीटर, म्हणजे सव्वाआठ फूट. जिना बाद. मग राहतो मातीचा उतार. हत्ती चढाला घाबरत नाही, आपल्या किल्ल्याच्या चढणीवरून ते जातच असत. दर आठ मीटरला एक मीटर चढ दिला तर १० मीटर उंचीच्या गच्चीसाठी उतार ८० मीटर लांब लागेल. वर तीन मीटर रुंदी ठेवली आणि बाजूंची माती ढासळू नये म्हणून एकास दीडचा ढाळ (एक मीटर उंचीला दीड मीटर पसारा) दिला, तर घराला टेकतो तिथे उताराचा पाया ३३ मीटर रुंद होतो. माती लागेल सुमारे ५,२०० घनमीटर. मोठ्या डंपरच्या सव्वातीनशेहून जास्त खेपा. जनकगंजातल्या गल्लीत एक डंपर शिरला तरी संध्याकाळपर्यंत बाहेर पडत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

क्रेननं उचलायचं म्हणाल तर वजनाची अडचण नाही, अडचण हत्तीच्या छातीची. हत्तीच्या फुप्फुसांभोवती आपल्यासारखी मोकळी पोकळी नसते, ती छातीच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात. श्वास सगळा छातीच्या आणि श्वासपटलाच्या स्नायूंवर चालतो. पोटाखालून पट्टा घालून लोंबकळत ठेवला तर त्याला श्वास घेणं जड जातं. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हत्ती आहे. तेव्हा कागदावरच चढवू.

चढला. आता मागच्या भागातली एक खोली घेऊ, दहा बाय बाराची. क्षेत्रफळ साधारण ११ चौरस मीटर. स्लॅब पाच इंची, म्हणजे १२५ मिलिमीटर. त्याचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला ३१० किलो. वर कोबा, त्याचे २०० किलो. आणि माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी नियमानं धरायचा चल भार फक्त १५० किलो. राहत्या खोलीच्या जमिनीला २०० धरतात, गच्चीला त्याहून कमी. बऱ्याच लोकांचा समज उलटा असतो: गच्ची उघड्यावर, म्हणजे दणकट. प्रत्यक्षात चल भारापुरती ती घरातली सगळ्यात हलकी जमीन असते.

११ चौरस मीटरला १५० किलोनं झाले सुमारे १,६५० किलो. म्हणजे त्या छतासाठी इंजिनिअरनं जमेस धरलाय अर्धा हत्ती.

पण डिझाइन करताना सगळ्या भाराला दीडचा गुणक लावतात. ३१०, २०० आणि १५० मिळून ६६०, दीडपट ९९०. त्यातून छताचं आणि कोब्याचं वजन वजा केलं की ४८० उरतात, खोलीभर मिळून सव्वापाच टन. इथे लोक खूश होतात, की हत्ती तर तीनच टनांचा. थांबा. हे सव्वापाच टन सगळीकडे सारखे पसरलेले हवेत. तेवढंच वजन दोन टेकूंच्या बरोबर मध्यावर एकवटलं तर वाकवण्याचा जोर दुप्पट होतो. हत्तीचे पुढचे-मागचे पाय दीडेक मीटर अंतरावर असतात म्हणून पूर्ण दुप्पट नाही, दीडपटीच्या पुढे कुठेतरी. तीन टनांचा हत्ती स्लॅबला साडेचार ते सहा टनांचा वाटतो. चालायला लागला की आणखी पाव वाढवा.

म्हणजे निकाल काय? नियमाप्रमाणे बांधलेली, सळई न गंजलेली स्लॅब त्या हत्तीखाली लगेच पत्त्यासारखी कोसळेल असं नाही. लोखंडात आणि काँक्रीटमध्ये वेगळी राखीव ताकद ठेवलेली असते, ती कामाला येईल. पण खालच्या बाजूला तडे जातील, सळई ताणली जाऊन परत मूळ लांबीवर येणार नाही आणि हत्ती उतरल्यावरही छताला कायमचं पोट राहील. आणि हा सगळा हिशोब तुमच्या स्लॅबमध्ये सळई किती आहे यावर टांगलेला. तुमची स्लॅब पडली त्या काळात बरीचशी घरं ठेकेदाराच्या अंदाजानं उभी राहिली. नकाशावर आठ मिलिमीटरची सळई दर सहा इंचांवर असेल आणि प्रत्यक्षात दर नऊ इंचांवर, तर ताकद एक तृतीयांशानं गेली. गंजून आठची सात झाली असेल तर आणखी २३ टक्के गेली, कारण सळईचं बळ जाडीच्या वर्गानं घटतं. खालून प्लास्टर फुगलंय, तपकिरी ओघळ दिसतायत, काठीनं ठोकल्यावर पोकळ आवाज येतोय, अशी एकही खूण असेल तर हत्ती राहू द्या, पाण्याची टाकीसुद्धा तिथून हलवा.

टाकीचं बोलणं निघालंच आहे तर, एक हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन. तुमच्या गच्चीवर तिसरा हिस्सा हत्ती आधीच उभा आहे, आणि तो रात्रंदिवस एकाच जागी उभा असतो. ती खोलीच्या मध्यावर असेल तर सरकवून भिंतीच्या कोपऱ्यावर किंवा दोन तुळया मिळतात तिथे न्या. हत्तीलाही हाच सल्ला: तुळईवरून चालायचं, मध्ये थांबायचं नाही.

लोक विचारतात, पाय आरपार जाईल का? नाही. हत्तीच्या पुढच्या पावलाचा घेर दुप्पट केला की जवळपास त्याची खांद्यापर्यंतची उंची येते. अडीच मीटरच्या हत्तिणीचं पाऊल सव्वा मीटर घेराचं, म्हणजे ४० सेंटीमीटर रुंद, भाकरीच्या मोठ्या परातीएवढं. वजनाचा साधारण साठ टक्के भाग पुढच्या पायांवर असतो, तेव्हा उभं राहिल्यावर एका पुढच्या पायावर ९०० किलो. पाच इंची स्लॅबला तेवढ्या रुंदीचं भोक पाडायला १७ टनांच्या आसपास लागतील. दाबाच्या दृष्टीनं पाहिलं तर हत्ती दर चौरस सेंटीमीटरला पाऊण किलोही टाकत नाही. लग्नात उंच टाचेच्या चपला घालून आलेली साठ किलोची मावशी एका टाचेवर अर्धं वजन टाकते तेव्हा चौरस सेंटीमीटरला तीस किलो होतात. फरशीचा टवका मावशी काढते, हत्ती काढत नाही.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. हत्ती गच्चीवर चढलाय हे कळल्यावर बघायला कोण येणार? सगळा मोहल्ला. दाटीवाटीनं उभी माणसं चौरस मीटरला पाच मावतात. पासष्ट किलोनं सव्वातीनशे किलो, म्हणजे गच्चीसाठी धरलेल्या १५० च्या दुपटीहून जास्त. तेवढ्याच खोलीवर साडेतीन टनांच्या वर. बघायला आलेली गर्दी हत्तीपेक्षा जड! शिवाय मोठा हत्ती उडी मारत नाही, चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटत नाहीत त्याचे. गणपतीची मिरवणूक बघायला गच्चीवर जमलेली पोरं मात्र ढोल सुरू झाला की एका ठेक्यात उड्या मारतात, आणि ठेक्यातली उडी उभ्या वजनाच्या दुपटीचा धक्का सहज देते. तुमच्या घराला हत्तीपासून धोका कमी. भाचरांपासून जास्त.

छज्जावर तर हत्तीही नको आणि भाचरंही नकोत. भिंतीतून पुढे आलेल्या छज्जात मुख्य सळई वरच्या बाजूला असावी लागते. काँक्रीट ओतताना मजूर त्याच जाळीवर पाय देऊन चालतात आणि ती खाली दबते. चार इंची छज्जात जाळी दोन इंच खाली गेली की ताकद निम्म्याहून कमी राहते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कोसळल्यावर कळतं.

आता पुढचा भाग, पटियांचा. इथे हिशोब अगदी वेगळा. दगड दाबाला राजा, ताणाला कच्चा. समजा पटिया आठ फूट लांब, दीड फूट रुंद, तीन इंच जाड. स्वतःचं आणि वरच्या कोब्याचं वजन पेलण्यातच तिची निम्मी-अधिक ताकद खर्च झालेली असते. मध्यावर आणखी ठेवायला एका पटियाला उरतात दीडशे ते तीनशे किलो. दगड कोणत्या खाणीचा, थर कसा, किती वर्षं ओल मुरली यावर बदलतं. हत्तीचं एक पुढचं पाऊल ९०० किलोचं. कोबा चांगला असेल तर शेजारच्या पटिया थोडा भार वाटून घेतील, तरी भरवसा नाही. स्लॅब आधी वाकते, तडे दाखवते, बोलून सांगते. पटिया काही सांगत नाही. एकदा कडकन आवाज येतो आणि संपलं. जुन्या घरात पटियाच्या खालच्या अंगाला केसाएवढी रेघ आडवी गेलेली दिसली तर तिच्यावर खडूनं तारीख घाला नि लगेच खाली टेकू लावा. रेघ वाढतेय का ते बघत बसायचं स्वातंत्र्य पटिया देत नाही.

मग छत तपासायचं कसं? हत्ती चाचणीला वाईटच. नियमाप्रमाणे वजन २४ तास जागेवर राहावं लागतं. हत्ती दिवसात दीडशे किलो चारा खातो, शंभर-दीडशे लिटर पाणी पितो आणि त्यातलं बरंचसं गच्चीवरच परत करतो. तासातासाला वजन बदलणारं माप कुठला इंजिनिअर मान्य करील? वर तो डुलतो, या पायावरून त्या पायावर जातो, आणि पहाटे तीनला मूड आला तर आडवा होतो.

स्लॅबसाठी सगळ्यात चांगलं वजन म्हणजे पाणी. दहा सेंटीमीटर उभं पाणी म्हणजे दर चौरस मीटरला बरोबर १०० किलो. खोटं बोलत नाही, आपोआप सारखं पसरतं. १५० ची सव्वापट १८७, म्हणजे १९ सेंटीमीटर पाणी. त्या खोलीच्या भिंतींच्या रेषेवर गच्चीत विटांचा वीतभर बांध घाला, आत जाड प्लास्टिक अंथरा, नळाची मोरी बंद करा. खोलीला दोन हजार लिटर पुरतं. गच्चीला ढाळ असतो, त्यामुळे एका टोकाला १७ आणि दुसऱ्याला २१ भरेल, सरासरी धरायची. एकदम ओतायचं नाही. चार टप्प्यांत, दर टप्प्याला खालचं माप घेत.

खाली खोलीत सेंट्रिंगच्या बल्ल्या उभ्या करा, पण छताला टेकवू नका. दोन इंच फट ठेवा, छत बसलंच तर झेलायला. मध्यावर खालून डायल गेज, म्हणजे वाकणं मोजणारं काट्याचं माप, लावायचा, मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो. तीन मीटर गाळ्याला (भिंतीपासून भिंतीपर्यंतचं अंतर), पाच इंची स्लॅबला वाकण्याची मर्यादा येते २.९ मिलिमीटरच्या आसपास. २४ तासांत वाकणं त्याच्या आत राहिलं तर पुढचं मोजायचीही गरज नाही. जास्त वाकली तर पाणी काढून आणखी २४ तासांनी बघायचं. वाकलेल्यापैकी ७५ टक्के तरी परत यायला हवं. नाही आलं तर ७२ तासांनी हीच चाचणी पुन्हा एकदा, आणि तेव्हा ८० टक्के. त्यातही नापास, तर ती स्लॅब नापास.

यात चुकतं ते बहुधा उन्हानं. आपल्याकडे मे महिन्यात गच्ची वरून तापते, खालून थंड राहते आणि नुसत्या उन्हानं मध्ये सव्वा ते दीड मिलिमीटर वर फुगते. मर्यादाच तिनाच्या आत, त्यात उन्हाचा दीड! म्हणून पहिलं आणि शेवटचं माप पहाटे एकाच वेळी घ्यायचं. दुसरी चूक विटांची. पाण्याऐवजी विटा रचल्या आणि त्या एकमेकींना खेटून ठेवल्या, की वरच्या वर त्यांचीच कमान धरली जाते, वजन भिंतींवर उतरतं आणि मधली स्लॅब मोकळीच राहते. पास झाल्याचा आनंद फुकटचा. विटाच वापरायच्या तर फुटाफुटाचे ढीग, मध्ये चार बोटं जागा. आणि हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरला उभं करून करा. पटियांच्या भागावर मात्र ही चाचणी करूच नका. तिथे इशारा मिळत नाही.

महालाच्या हत्तींकडे एकदा परत जाऊ, कारण तुमच्या झोपाळ्याचं उत्तर तिथेच आहे. विटा-चुन्याची कमान असेल तर आठ हत्ती दोन्ही बाजूंना सारखे उभे करणं ही सोपी परीक्षा. कमान सारख्या वजनानं उलट घट्ट बसते. तिला छळायचं तर एकच हत्ती पाव अंतरावर, एका अंगाला उभा करावा. आणि झुंबराच्या कडीची परीक्षा हत्तींनी झालीच नाही. हत्ती छताला वरून दाबतात, झुंबर एका कडीतून खाली ओढतं. साडेतीन टन सरळ ओढायला २० मिलिमीटरचा गज पुरतो, अंगठ्याएवढा. पण कडी वाकून उघडते, किंवा ज्यात ती रोवली तो चुना सुटतो. त्याची तपासणी एकच: त्याच कडीला पिंजरा टांगून साडेतीन टनांच्या सव्वापट, म्हणजे ४.४ टन वाळू भरायची.

तुमचा झोपाळा. फळी-साखळ्या ४० किलो, तीन माणसं २०० किलो. तीस अंशांपर्यंत झोका गेला तर तळाशी ओढ सव्वापटीनं वाढते, एकूण ३०० किलो. दोन कड्यांवर प्रत्येकी दीडशे. वर पटियाचा आकडा काय आला होता? तिला उरलेली कमीत कमी ताकद तेवढीच. शिवाय झोक्याचा धक्का दर सेकंद-दोन सेकंदांनी, वर्षानुवर्षं. पटियाला कडी ठोकू नका, तिला भोक तर मुळीच पाडू नका. दोन भिंतींवर १२५ मिलिमीटर उंचीचा लोखंडी आय-गर्डर टाका, दोन्ही टोकांना वीतभर बूड द्या, म्हणजे तेवढा तो भिंतीवर टेकू द्या, बुडाखाली काँक्रीटची उशी. कड्या गर्डरला, पटियांना त्याचा स्पर्शही नको. गर्डर दिसतो म्हणून घरात नाराजी होईल, तर लाकडी खोका चढवा.

मागच्या खोलीत टांगायचं ठरलं तर कडी तुळईतच घ्या. स्लॅबमध्येच घ्यायची वेळ आली तर १६ मिलिमीटरचा गज आरपार, वर दीडशे मिलिमीटर चौकोनी लोखंडी पट्टी आणि कोबा पुन्हा नीट बंद. खालून ठोकून बसवलेला फुगणारा बोल्ट झोक्याला चालत नाही. धक्क्याधक्क्यानं ढिला होतो.

टांगून झाल्यावर फळी जमिनीपासून जेमतेम वीतभर वर राहील इतक्या साखळ्या लांबवा. फळीवर सिमेंटची नऊ पोती ठेवा, म्हणजे साडेचारशे किलो, लागणाऱ्याच्या दीडपट. रात्रभर तशीच राहू द्या, पोरांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. कड्यांच्या बरोबर खाली जमिनीवर जुनं काळं कापड अंथरून ठेवा. सकाळी त्यावर पांढरी भुकटी पडलेली दिसली तर झोपाळा उतरवा आणि कडी पुन्हा बसवा.